म्हातारबाचं फळ

थंडीत निवडुंगाला पाणी घालायचं नसतं. एवढं साधं वाक्य. त्यात न कळण्यासारखा एक शब्द नाही. तरी ताईने ते घरात इतक्या वेळा उच्चारलं होतं की शेजारच्यांनाही पाठ झालं असेल, आणि ज्याच्यासाठी उच्चारलं त्या नवऱ्याच्या एका कानातून शिरून ते दुसऱ्या कानातून सुखरूप बाहेर पडत होतं. नवरा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात. दिवसभर लोकांच्या कोरड्या नळांची रडगाणी ऐकून घरी यायचा, गॅलरीतली ती कोरडीठाक कुंडी बघायचा आणि त्याचा जीव कळवळायचा.

"अहो, पुन्हा पाणी घातलंत?"

"घोटभर घातलं."

"का घातलंत?"

"तहानलेलं दिसत होतं."

"ते तहानलेलंच दिसतं. त्याचा जन्मच तसा आहे."

"म्हणून काय मारायचं त्याला?" असं म्हणून तो तांब्या ठेवायला आत जायचा, आणि ताई त्याच्या पाठीकडे बघत दातओठ खायची. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. दयाळू माणसाशी भांडणार कसं? डोकं फुटायची वेळ येते.

निवडुंगाचं नाव म्हातारबा. गुडघ्याएवढा उंच, काट्यांनी गच्च, आणि डोक्यावर पांढऱ्या केसांचं टोपलं, म्हणून ताईच्या बाबांनी ठेवलेलं नाव. थंडीत त्याला कोरडं झोपू दिलं तर उन्हं तापायला लागली की तो कळी धरतो. झोपेत पाणी पाजलं की नुसता अंगाने सुटतो, फुलाचं नाव काढत नाही. मागची तीन वर्षं तो असा नुसता सुटत होता. आणि ताईला तर फूलही पुरणार नव्हतं. तिला फळ हवं होतं.

आता एका निवडुंगाच्या फळासाठी एवढा जीव टाकायचं कारण काय, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

ताईचे आई-बाबा लग्न झाल्यावर फिरायला गेले ते डोंगरापलीकडच्या कोरड्या माळावर. चार लोक जातात तिथे जायचं बाबांना आयुष्यभर वावडं होतं. नवी नवरी बिचारी चांगल्या चपला घालून त्या दगडधोंड्यांत ठेचकाळत होती. पण नशिबाने आदल्या आठवड्यात तिथे अवकाळी सर पडून गेली होती आणि सगळा माळ फुलला होता. कुणी पेरलं नाही, कुणी राखलं नाही, आणि दगडांच्या फटीफटीतून पिवळी, जांभळी, नखाएवढी पांढरी फुलं. जिथे पाय ठेवावा तिथे जीव चुकचुकावा. आई दमली आणि एका दगडाच्या सावलीत बसायला वाकली, तर खाली हा. मुठीएवढा, केसाळ, आणि डोक्यावर स्वतःपेक्षा मोठं गुलाबी फूल. अजून अर्धी वीत खाली वाकली असती तर लग्नाचं पहिलं वर्ष तिने उभ्यानेच काढलं असतं, असं बाबा दर वेळी सांगायचे. "ह्याला न्यायचं," आई म्हणाली. टॉवेलात गुंडाळून आणला. आईने शोधलेला म्हातारबा तो हा.

पुढे आई गेली. ताई तेव्हा शाळेत होती, धाकटा भाऊ तर अगदीच लहान. घरात एकाचे दोन म्हातारबा झालेले होते. बाबा पुन्हा माळावर जाऊन दुसरा घेऊन आले, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एक उंच, एकटा, ताठ. दुसरा बुटका, एका बुडावर चार-पाच डोकी घेऊन बसलेला कुटुंबवत्सल. बाबांनी शेवटच्या वर्षात उंच कुंडी ताईच्या हवाली केली आणि बुटकी धाकट्याच्या. ताईला ते म्हणाले, "जप. तुझ्या आईने शोधलेला आहे हा."

आणि धाकट्यालाही म्हणाले, "जप. तुझ्या आईने शोधलेला आहे हा."

हे उघडकीला आलं ते बाबा गेल्यावर, त्यांची कपाटं आवरताना. ताई सहज म्हणाली की आईचा म्हातारबा माझ्याकडे आहे, निदान एवढं बाबांनी नीट केलं. धाकट्याने हातातली शर्टांची चळत खाली ठेवली. तुझ्याकडे कुठला, म्हणाला, आईचा माझ्याकडे आहे, बाबांनी मला स्वतः सांगितलंय. तिथून जे पेटलं ते पेटलं. बाबा उभ्या आयुष्यात खोटं बोलल्याचं दोघांच्याही आठवणीत नव्हतं, तेव्हा समोरचा खोटं बोलतोय हे दोघांनाही स्वच्छ दिसत होतं. ताई त्याला ढोंगी म्हणाली. तो तिला खोटारडी म्हणाला. झालं. एकाच गावात राहून बहीण-भावाचं बोलणं बंद. तिकडची खबर इकडे यायची ती भावजयीच्या फोनवरून, आणि भावजय बिचारी दोन्ही दगडांवर पाय ठेवून कशीबशी उभी.

मागच्या साली ताईने नवऱ्याच्या मागे लागून त्या माळावर गाडी नेली. जन्मात एकदा ती फुलं आपल्या डोळ्यांनी बघायची होती. बघते तर माळच नाही. तारेचं कुंपण, आत खडी फोडायची यंत्रं, आणि सगळीकडे पिठासारखी पांढरी धूळ. ती कुंपणाला धरून उभी राहिली तर पहारेकरी आला. "इथे काय बघताय, बाई? इथे काही उगवत नाही." ताईला त्याच्या कानाखाली दोन वाजवाव्याशा वाटल्या. त्याची काय चूक होती म्हणा.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात हे फळ शिरलं. फळ आलं तर बी येईल. बी आलं तर रोपं होतील, दहा ठिकाणी देता येतील, एखाद्या उजाड टेकडीवर लावता येतील. नाहीतर हे दोन म्हातारे एक दिवस कुजून जाणार आणि आईच्या त्या माळातलं औषधालाही काही उरणार नाही. आणि ही जात अशी नाठाळ की स्वतःच्या परागांना अजिबात भीक घालत नाही. ताईने पूर्वी फुलं आली होती तेव्हा गंमत म्हणून करून बघितलं होतं, त्याचेच पराग त्याच्याच फुलाला, एकदा नाही, तीनदा. फूल सुकायचं आणि गळून पडायचं. पराग लागतात ते त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाचे. दुसरं झाड जगात तिला माहीत असलेलं एकच, आणि ते त्या ढोंग्याच्या घरी.

या थंडीत तिने कुंडी सरळ उचलली आणि कामावर नेली. ताई दातांच्या लॅबमध्ये काम करायची. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवतात, त्यावर कवळ्या आणि सुटे दात करायचे, आणि शेवटी केसासारख्या ब्रशने त्यांना रंग द्यायचा. तो रंग द्यायचं काम ताईचं. प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेशेजारी खिडकीत तिने म्हातारबाला बसवला. मालकांनी चष्म्यावरून बघितलं.

"हा कुणाचा पेशंट?"

"माझा. त्याला कुणी पाणी घालायचं नाही."

"इथे चहा द्यायला कुणी नाही, त्याला पाणी कोण घालतंय," मालक म्हणाले आणि विषय संपला. घरी नवरा चार दिवस गॅलरीत मोकळ्या जागेकडे बघत राहिला. त्यालाही वाईट वाटत होतं, आणि ते बघून ताईची चिडचिड आणखी वाढली.

पण उपाय लागू पडला. उन्हं तापायला लागली आणि एका सकाळी म्हातारबाच्या कुशीत करड्या लोकरीचा बारीक गोंडा फुटला. कळी. ताईने हातातला जबडा तसाच टेबलावर ठेवला आणि भावजयीला फोन लावला.

"तुमच्याकडे काही आहे का गं?"

"आहे, ताई. दोन गोंडे आलेत. परवाच दिसले."

एकाच आठवड्यात दोन्हीकडे. असा योग उभ्या आयुष्यात यायचा नाही, असं ताईला वाटलं. तिचा आवाज जरा मऊ झाला. "त्याला विचार ना. फूल उघडलं की थोडे पराग देशील का म्हणावं. मीही देईन."

भावजयीने विचारलं. संध्याकाळी चाचरत निरोप आला. "ते म्हणतात, देतो. पण ताईंनी आधी कबूल करायचं, आईचं झाड कुणाकडे आहे ते."

ताईने फोन ठेवला आणि हातातल्या दाताला पॉलिश करायला घेतलं. रागाच्या भरात इतकं घासलं की चांगली दाढ होती ती उंदराचा दात होऊन बसली. मालक नुसते नवा साचा आणून समोर ठेवून गेले, आणि तेही तिला झोंबलं. कबूल कर म्हणे. पाय धर म्हणाला असता तर एक वेळ धरले असते. पण बाबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं खोटं होतं असं कबूल करायचं? आणि बरं, नाही करायचं, तर फळ गेलं. ती रोज ती कळी फुगताना बघायची आणि रोज तिचा जीव वरखाली व्हायचा. कळीला काय, तिला थांबता येत नव्हतं.

आणि एका कामाच्या दिवशी, ऊन खिडकीत आलं तसं फूल उघडलं. हां, फूल म्हणजे फूल होतं. गडद गुलाबी, पाकळ्यांना रेशमासारखी चकाकी, घशात हिरवट झाक, आणि मधे पिवळ्या केसरांची दाटी. ब्रशचं टोक नुसतं लावलं तर ते केसर हळूच आत वळत होते, गुदगुल्या झाल्यासारखे. लॅबमधली माणसं आपापले जबडे सोडून बघायला आली. मालकसुद्धा आले. ताईला रडू येत होतं, कौतुकाने नाही, संतापाने. फार तर दोन दिवस, मग हे मिटणार.

तिने भावजयीला फोन केला. "त्याला एवढंच सांग, माझं उघडलंय. उद्यापर्यंत आहे. कबूल मी काही करणार नाही. काय करायचं ते त्याने ठरवावं."

दुपारी लॅबसमोर गाडी आचके देत थांबली. टपावर शिकाऊची पाटी. धाकटा गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या चुकांवर तो शांतपणे पाय ठेवत आला होता. फक्त बहिणीच्या बाबतीत त्याचा तो पाय ब्रेकवरून कधी उचलला गेला नाही. चाकावर एक जाडजूड मिशीवाले गृहस्थ घामाने निथळत बसले होते. धाकटा खाली उतरला. हातात औषधाच्या गोळ्यांची रिकामी डबी.

"घे," तो म्हणाला. "सकाळी उघडलं आमचंही. ताजे आहेत."

"थांब. माझे आणते." ती वर जाऊन कागदाच्या पुडीत पराग घेऊन आली. "वर येऊन बघ हवं तर."

"क्लास चालू आहे."

"बरं."

तो निघाला, मग थांबला. "रंग कसा आहे तुझ्याचा?"

"गुलाबी. घशात हिरवट."

"आमचाही तसाच."

"जात एकच आहे ना," ताई म्हणाली.

"हे बाबांसाठी करतोय मी. बाकीचं होतं तिथेच आहे."

"मी काही मागितलं नाही तुझ्याकडे."

"मागितलंस की. दोनदा फोन केलास." तेवढ्यात मिशीवाल्यांचा हात हॉर्नवर पडला आणि ते स्वतःच दचकले. धाकटा गाडीत बसला. गाडी दोन उड्या मारून निघून गेली. इतक्या वर्षांनी भेटले आणि एवढंच बोलले, त्यातही शेवटचा टोमणा त्याचा. ताई जिना चढताना ठरवत होती की आपण काय म्हणायला हवं होतं. चांगली तीन उत्तरं सुचली, वर पोचल्यावर.

तिने आपला सगळ्यात बारीक ब्रश घेतला. धाकट्याच्या डबीतले पिवळे कण टिपून फुलाच्या मधोमध असलेल्या हिरव्या, ताऱ्यासारख्या टोकावर अलगद लावले.  दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले. फूल मिटलं, मरगळलं, तपकिरी झालं. आता त्याच्या बुडाशी गाठ फुगली पाहिजे. ताई रोज आल्या आल्या खिडकीशी जायची. गाठ हिरवी होती. फुगल्यासारखी वाटायची. नवऱ्याला घरी सांगायची, "आज जरा मोठी दिसतेय," आणि तो म्हणायचा, "मग आता तरी थोडं पाणी..." आणि तिच्या डोळ्यांकडे बघून गप्प व्हायचा.

एका सकाळी तिने गाठीला बोट लावलं आणि ती सुटून तिच्या हातात आली. हलकी, पोकळ, आत काही नाही. एक दाणा नाही.

तिने ती टेबलावर ठेवली. मग डोक्यात चक्र फिरू लागलं. ताजे आहेत म्हणे. त्या गाडीच्या काचेमागे उन्हात दोन तास भाजून आणले असतील. नाहीतर मुद्दामच जुने दिले असतील. बाकीचं होतं तिथेच आहे, असं म्हणाला होता ना? म्हणजे मनातून द्यायचंच नव्हतं. तिने भावजयीला फोन केला तर भावजय म्हणाली, "ताई, आमचीही दोन्ही गळाली हो. हे तर म्हणतायत, ताईने पुडीत काय दिलं देव जाणे."

आता मात्र ताईचं पित्त खवळलं. सुट्टीच्या दिवशी तिने चपला घातल्या आणि इतक्या वर्षांत ज्या दाराकडे फिरकली नव्हती त्या दाराची बेल दाबली.

भावजयीने दार उघडलं आणि तिच्या तोंडाचं पाणी पळालं. मागे धाकटा बनियनवर उभा, हातात वर्तमानपत्र.

"मी काय देव जाणे दिलं?" ताई उंबऱ्यातूनच म्हणाली.

"मी आणलेले ताजे होते," तो म्हणाला. "तासाच्या आत आणून दिले. तुझं तू बघ."

"माझे तर तू खाली उभा असताना फुलातून काढून तुझ्या हातात दिले."

"मग आमचं का गळालं?"

"तुला लावताच आले नसतील. दाखव, कुठे लावलेस."

"दाखवतो की. ये. बघ."

दोघं तणतणत मागच्या खिडकीशी गेले आणि भावजय मागून. खिडकीच्या जाळीबाहेरच्या फळीवर तो बुटका म्हातारबा बसला होता. ताई त्याला इतक्या वर्षांनी बघत होती. बरा ठेवला होता, हे तिला नाइलाजाने मान्य करावं लागलं. फक्त मधे खिंडार होतं.

"हे एक डोकं कुठे गेलं?"

"ते वाळलं होतं, ताई," भावजय म्हणाली. "मी चिमट्याने ओढून काढलं."

ताई खिंडारात डोकावली आणि तिथेच थांबली. डोक्यांच्या मधोमध, खाली बुडावर, तळहाताएवढी एक गोल, सपाट, तपकिरी जागा होती. ताईने आयुष्यभर साचे कापले होते, घासले होते. सपाट म्हणजे काय ते तिच्या हाताला कळत होतं. दगडमातीतून उगवलेलं काही इतकं सपाट नसतं.

"जुना टूथब्रश आहे का गं एखादा?"

भावजयीने आणून दिला. ताईने काट्यांतून हात घालून माती झाडली. कातड्यासारखी टणक झालेली खूण, अगदी समतल, आणि बरोबर मधे खोडातल्या नसांचं एक छोटं कडं. बुडापासून वरचा भाग कुणीतरी धारदार सुरीने एका घावात आडवा कापला होता, खूप पूर्वी, आणि मग कडेकडेने ही डोकी फुटली होती.

"हा कुणी कापला?" तिने विचारलं.

"कापलाय कुठे? तो असाच आहे. पहिल्यापासून."

 घरच्या म्हातारबाची माती ताईने दोनदा बदलली होती. त्याला खाली जाडजूड मूळ नव्हतं. तळ सपाट, तळहाताएवढा, आणि कडेने दोऱ्यासारखी मुळं. तिला वाटायचं, या जातीचं असंच असतं. आणि इथे खाली तर बोटाएवढं मूळ कुंडीच्या भोकातून बाहेर डोकावत होतं.

"माझा याच्यावर बसत होता," ती म्हणाली.

"काय?"

"माझा वरचा अर्धा आहे. तुझा खालचा. एकच झाड आहे हे. बाबांनी कापलं."

धाकट्याने कुंडीकडे बघितलं, मग बहिणीकडे. "काहीतरीच. बाबांनी दुसरा माळावरून आणला."

"आणला हे कुणी सांगितलं? बाबा कधी म्हणाले?"

तो विचार करत राहिला. ताईही विचार करत होती. बाबांच्या तोंडचं एक वाक्य आठवेना. पहिल्या माळाची गोष्ट त्यांनी शंभर वेळा सांगितली होती; दुसऱ्या फेरीची एकदाही नाही.

"तूच सांगितलंस," धाकटा म्हणाला.

"मी?"

"आई दवाखान्यात होती तेव्हा आपण मावशीकडे होतो ना. परत आलो तर गच्चीत दोन कुंड्या. मी तुला विचारलं, दोन कसे झाले. तू म्हणालीस, बाबा माळावर जाऊन आणखी एक घेऊन आले. अगदी ठासून. मी तर चार मित्रांना सांगितलं, माझे बाबा माळावर गेले होते."

ताई खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. त्या दिवसांत बाबा दवाखान्यातून हलत नव्हते, माळावर कुठले जाणार? मागे शेजारच्या कुणीतरी कळवळून रोज पाणी घातलं असणार, म्हातारबा मधून सडायला लागला असणार, आणि बाबांनी येऊन मधला सडका भाग काढून दोन तुकडे वाचवले असणार. निवडुंग वाचवायचा तर तोच एक उपाय. आणि पुढे सांगणार कुणाला? आई गेल्यावर झाडांबद्दल विचारलं कुणी?

"म्हणजे बाबा दोघांशी खरंच बोलले," भावजय म्हणाली.

"हो."

"आणि फळ?"

"फळ नाही यायचं. आता नाही, कधीच नाही. याचे पराग त्याला लावले काय आणि त्याचेच त्याला लावले काय, एकच." ताईचा आवाज चढला. "एका आठवड्यात कळ्या आल्या, रंग तोच, घशातली झाकसुद्धा तीच, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. एवढी वर्षं आपण एकमेकांचं तोंड बघितलं नाही, ते कशासाठी? माळ गेला, तिथलं सगळं गेलं, आणि हा असा निर्वंश. मला फार हवं होतं रे ते फळ."

ती रडत होती आणि तिला रडण्याचाही राग येत होता. धाकटा तिच्याशेजारी कट्ट्यावर बसला. काय करावं ते न सुचून त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"ताई," तो म्हणाला, "पण तू तेव्हा इतकं ठासून का सांगितलंस? तुला तर माहीत नव्हतं."

ताईने पदराने नाक पुसलं.

"तू सारखा विचारत होतास. चपला काढल्यापासून तुझं चालू होतं, आई कुठे आहे, आई कधी येणार. त्याचं उत्तर मला देता येत नव्हतं. मग तू कुंड्यांचं विचारलंस. म्हटलं, ह्याचं तरी देऊ."

धाकट्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि तो तिच्याजवळ सरकून बसला. भावजय चहा टाकायला आत गेली.